लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका यांत्रिकाचे अंतर्बळ

उद्योजकाचे चरित्र हा लेखनप्रकार मराठीला अपरिचित नाही. मात्र तो बहुधा संतचरित्राच्या साच्यात घडत आलेला आहे. बालपणीची ओढाताण, संकटांची मालिका, सोबतीला एखादी अढळ श्रद्धा आणि शेवटी यश, असा हा साचा. समाजाची जुनी घडी विसकटत असताना धंदा उभारणारा मनुष्य मनाचे बळ कोठून आणतो, या प्रश्नाचे उत्तर चरित्रकाराने आधीच ठरविलेले असते : ते घरच्या संस्कारांतून येते, देवावरील निष्ठेतून येते, अथवा देशभक्तीतून येते. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (1869–1956) यांचे आयुष्य या उत्तराला सहजासहजी वश होत नाही, म्हणून ते येथे विचारासाठी घेतले आहे. अडचण अशी की लक्ष्मणरावांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्याविषयी आपणांस जे कळते ते मुख्यतः पुतणे शंकरराव आणि पुत्र शंतनुराव यांच्या लेखनावरून, म्हणजे घरच्या आणि प्रेमाच्या माणसांच्या साक्षीवरून. तेव्हा त्यांच्या मनाचा शोध त्यांच्या कृतींतूनच घेणे भाग आहे.

त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच गावचे आणि याच घराण्यातले. आडनाव कोकणातले, गाव कानडी मुलखातले, घरची भाषा मराठी, असा हा सरमिसळीचा प्रदेश. ज्या बेंगळूरच्या जे. पी. नगरात बसून हे लिहीत आहे, तेथे किर्लोस्कर हे नाव विजेची मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही ठाऊक असते. ते मराठी असल्याचे मात्र त्याला मुळीच वाटत नाही. गुर्लहोसूरचा विचार केला तर त्याची समजूत अगदीच चुकीची म्हणता यावयाची नाही. एकाच घराण्याने नाटक आणि नांगर अशा दोन टोकांच्या गोष्टींना आपले नाव द्यावे, याचेही नवल वाटते. अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. 1885 मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी सोळा वर्षांचे लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने चित्रकलेच्या शाळेत जावे हे त्यांना रुचणे शक्य नव्हते. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठीशी उभे राहून धाकट्याला मुंबईस जाऊ दिले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन वर्षे काढल्यावर लक्ष्मणरावांच्या ध्यानी आले की आपणांस काही रंग नीट ओळखू येत नाहीत. हा दोष अंशतः असला तरी चित्रकारासाठी तो निर्णायक होता. ज्या डोळ्यांच्या भरवशावर घरच्यांचा रोष पत्करून मुंबई गाठली, तेच अपुरे निघाले. अठराव्या वर्षी असा आघात झालेला मनुष्य गावी परतला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला आणि रेषा तेवढी ठेवली. यंत्ररेखाटनात रंगाचे काम नसते. तेथे माप, प्रमाण आणि छेद यांचा हिशेब असतो. ते यंत्ररेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. अभियंत्याची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. यंत्रशाळेतील यंत्रे पाहून, हाताळून आणि अमेरिकन पुस्तके व नियतकालिके वाचून त्यांनी ही विद्या मिळविली.

प्रस्तुत लेखकाच्या मते लक्ष्मणरावांच्या पुढील सर्व आयुष्याचा नमुना या एका प्रसंगात दिसतो. आपल्या हाती काय उरले आहे याची निर्विकार मोजदाद करावयाची, आणि उरलेल्यातून काय घडविता येईल ते पाहावयाचे. हा गुण वेदान्ती घरातून आला असे म्हणण्याचा मोह होतो, कारण अनासक्ती हा शब्द हाताशी तयार असतो. परंतु ज्या मुलाने त्या घरचा मार्ग सोडून यंत्रांची वाट धरली आणि पुढे कर्मकांडाची फारशी पत्रास ठेवली नाही, त्याच्या बळाचे श्रेय त्या घराच्या तत्त्वज्ञानाला देणे हे चरित्रकाराच्या सोयीचे असले तरी पुराव्याला धरून नाही. येथे रेखाटनाच्या फळ्याची शिस्त अधिक स्पष्ट दिसते.

1888 हे किर्लोस्करांच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. मुंबईत सायकल ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकीत. सायकलीची किंमत सातशेपासून हजार रुपयांपर्यंत असे आणि ती चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे पडत. वस्तूबरोबर तिचा वापरही विकावा लागतो, ही जाण येथे प्रथम दिसते. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. अशा प्रसंगी चरित्रांतून स्वाभिमानाचा मोठा उद्घोष होतो. तो अप्रस्तुत आहे असे नाही. पण राजीनामा देताना बेळगावात दुकान चालू होते आणि भाऊ गल्ल्यावर बसलेला होता, हेही विसरता कामा नये.

सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले. ते बऱ्यापैकी खपले. त्यानंतर लोखंडी नांगर आला आणि तो मात्र खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर विकावयास दोन वर्षे लागली. ही हकीकत आजवर बहुधा अंधश्रद्धेवर विज्ञानाने मिळविलेला विजय म्हणून सांगितली गेली आहे. तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहणे अवश्य आहे.

दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण ती उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचे वळलेले पाते ढेकूळ पालथे घालते. तण मुळापासून निघावयाचे तर हाच उपाय होता, यात शंका नाही. परंतु लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि लोहार त्याचा फाळ शेवटी. त्याबद्दल त्यांना खळ्यावर बलुते मिळे. त्यासाठी रोख पैसा लागत नसे, आणि नांगर मोडला तर दुरुस्ती वेशीच्या आतच होई. लोखंडी नांगराला रोकड हवी, ओढावयास जादा बैलजोड्या हव्या, आणि फाळ झिजला की नवा फाळ कारखान्याकडून मागवावयास हवा. म्हणजे नांगर विकत घेणारा शेतकरी नुसते अवजार बदलीत नव्हता. सुताराशी आणि लोहाराशी असलेले पिढ्यांचे देणेघेणे तोडून तो अज्ञात कारखानदाराशी नाते जोडीत होता. जमीन विषारी होईल या बोलण्यात हे भय कोठेतरी दडलेले असावे, असे आम्हांस वाटते.

बदलत्या समाजाला उद्योजकाने तोंड कसे दिले, असे आपण विचारतो तेव्हा तो बदल जणू बाहेरून आलेली वादळी हवा असतो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत बदलाचा एक कर्ता ते स्वतःच होते. त्यांचा नांगर जेथे जेथे गेला तेथे तेथे बलुतेदारीचा एक एक धागा सैल झाला. याची त्यांना कितपत कल्पना होती हा प्रश्न बाजूला ठेवू. पण त्यांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरविले नाही आणि धंदाही सोडला नाही. नांगर अधिक मजबूत आणि सोपा करण्याकडे, झिजणारे भाग सहज बदलता येतील याकडे, आणि गावोगाव फिरून तो समजावून सांगणाऱ्या माणसांकडे त्यांनी लक्ष दिले. सायकल शिकविण्याच्या पंधरा रुपयांमागील जाण येथे कामास आली.

नांगराचा जम बसू लागला न लागला तोच जागेवर गदा आली. बेळगाव नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत कारखान्याची जमीन गेली आणि 1910 च्या आरंभी तो हलविणे भाग पडले. त्यांचे वय त्या वेळी चाळीस होते. यावेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. बाळासाहेब 1909 मध्ये गादीवर आले होते. वयाने ते लक्ष्मणरावांच्या बरोबरीचे, स्वतः उत्तम चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि संस्थानिकांत अपवादाने आढळणारे कल्पक गृहस्थ. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा माळ आणि उभारणीसाठी कर्ज देऊ केले. माळ निवडुंगाने भरलेला, सापांचा सुकाळ, पाण्याचा दुष्काळ. 10 मार्च 1910 रोजी तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढा पसारा बेळगावहून तेथे आला. जमशेदपूर वसविण्याचे काम नुकतेच कोठे सुरू झाले होते; पण त्यामागे टाटांचे भांडवल होते. येथे नांगरांचा कारखाना होता आणि रेल्वेची बाजूची वाट होती.

वाडीचे पहिले कारभारी म्हणून ज्यांची नावे येतात ती मंडळी लक्षणीय आहेत. रामूअण्णांनी वसाहत आखली आणि सांभाळली. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू पाहत. के. के. कुलकर्णी हे व्यवस्थापक आणि अथक प्रवासी. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळीत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पुढे कल्पक यंत्रज्ञ झाले. यांपैकी बहुतेकांपाशी त्यांच्या कामाला लागणारी कागदी पात्रता नव्हती. खुद्द मालकापाशीही ती नव्हती. जो रंग ओळखू न आल्याने एका विद्येतून बाद झाला आणि कातडीच्या रंगामुळे एका जागेवरून डावलला गेला, त्याने माणसे निवडताना प्रमाणपत्राकडे पाहिले नाही, हे ओघानेच आले असे म्हणता येईल. तरीही ते सहज घडते असे नाही. अपमान सोसलेली माणसे दुसऱ्यांचा अपमान करावयास पुष्कळदा अधिक तत्पर असतात.

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा नियम होता. आणखी एक धाडस त्यांनी केले. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी वाडीचे पहारेकरी नेमले. त्यांतील दोघांची नावे तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग अशी नोंदलेली आहेत. औंध संस्थानातच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत 1930 च्या दशकाअखेरीस निघाली आणि ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटामुळे ती देशाला ठाऊक झाली. किर्लोस्करवाडीतील पहारेकरी हे त्याच्या कितीतरी आधीचे. पण त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. वर जी नावे दिली ती परंपरेने जशी सांगितली जातात तशीच दिली आहेत. कारभाऱ्यांच्या नावापुढे राव आहे आणि मागे आडनाव आहे. पहारेकऱ्यांच्या वाट्याला आडनावाच्या जागी जात आली, आणि एकाच्या वाट्याला तर एकेरी हाक आली. ज्या वाडीने पाणवठ्यावरील भेद मिटविला, तिच्या आठवणींची भाषा मात्र भेद जपून आहे. लक्ष्मणराव या माणसांना काय म्हणून हाक मारीत हे महत्त्वाचे नाही. त्यांची कथा लिहिणाऱ्यांना या नावांत काही खटकले नाही, हे महत्त्वाचे आहे. नियम बदलणे एका माणसाच्या हाती असते. भाषेचे तसे नाही.

भाषेचा विषय निघाला म्हणून किर्लोस्करवाडीच्या दुसऱ्या उत्पादनाकडे वळू. 1920 च्या जानेवारीत किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. शंकरराव (1891–1975) हे लक्ष्मणरावांचे पुतणे. तेही मूळचे चित्रकार आणि कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहणारे. कारखान्याची खबर देण्यासाठी निघालेले हे पत्र 1929 मध्ये ‘किर्लोस्कर’ झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले, विवाह, वैधव्य, शिक्षण यांवरील वाद ‘स्त्री’च्या पानांवर झाले. पुढे या मासिकांचा कारभार पुण्यास गेला, पण त्यांचे घडणीचे दिवस माळावरचे होते. मराठी मध्यमवर्गाच्या मनाची दोन पिढ्यांची मशागत ज्या मासिकांनी केली ती नांगराच्या कारखान्याच्या आवारात छापली जात होती, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरतीच उरली आहे.

बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांनी बेंगॉल केमिकल उभारला तेव्हा त्या उद्योगामागे प्रयोगशाळा, ब्रह्मचर्य आणि स्वदेशीचे व्रत होते. उद्योजक तेथे तपस्वी झाला आणि त्याने आपले आत्मचरित्रही लिहिले. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात असे व्रत आढळत नाही. ते संसारी होते, पत्नी राधाबाईंनी माळावर घर मांडले होते, मुलगा शंतनुराव यास त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठविले आणि 1926 मध्ये तो अभियंता होऊन परतला. यंत्र हा त्यांना शत्रूही वाटला नाही आणि देवही वाटला नाही. गांधीयुगाच्या भर मध्यान्ही यंत्राविषयी असा निःशंक भाव ठेवणे हे सोपे नव्हते. आपल्या शेजारची वैचारिक हवा उलट्या दिशेने वाहत असतानाही जो मनुष्य वाद न घालता चरक, पंप आणि लेथ करीत राहतो, त्याचे बळ वादांत सापडावयाचे नाही. ते कामाच्या सवयीत आहे. मासिकांचे काम यामुळेच मोलाचे ठरते : जे काकांनी शब्दांत मांडले नाही त्याला पुतण्याने शब्द दिले. ते शब्द काकांचेच होते असे मात्र मानू नये.

वाडीच्या कुंपणापलीकडे या काळात फार मोठ्या गोष्टी घडत होत्या. औंध संस्थानाने 1939 मध्ये प्रजेला स्वराज्याचे संविधान दिले. 1943 पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र झाले. ते गाव वाडीला लागूनच आहे. खेड्यांतील बहुजन समाज सत्तेची भाषा बोलू लागला होता. वाडी आपल्या आत समतेने वागत असली तरी मालक आणि वरचे कारभारी बहुतांशी ब्राह्मण होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कुंपणाआतील नियमापेक्षा हेच आधी दिसत असणार.

30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत ब्राह्मणांच्या घरांवर आणि संस्थांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. किर्लोस्करवाडीचा कारखाना आणि तेथील घरेही आगीत सापडली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या मुलखात त्यांचे नांगर चालत होते त्याच मुलखातून हा जमाव आला होता. अडतीस वर्षांत माळावर जे उभे केले त्याची राख झाली, आणि ती करणाऱ्यांच्या लेखी अस्पृश्यताबंदीचा नियम, पहारेकऱ्यांवर टाकलेला विश्वास, मासिकांतील सुधारणा यांना काडीचीही किंमत नव्हती.

हा प्रसंग चरित्रलेखकांनी धैर्याच्या कथेकडे नेला आहे, आणि कारखाना काही महिन्यांतच पुन्हा चालू झाला हे खरेच आहे. परंतु प्रस्तुत लेखकास येथे एक मर्यादाही दिसते. लक्ष्मणरावांचे अंतर्बळ हे वस्तू, यंत्र आणि समोरचा माणूस यांच्याशी काम करताना घडलेले होते. निकामी ठरलेल्या गोष्टीत उपयोग पाहण्याची दृष्टी हा त्याचा गाभा. डोळ्यांत दोष असलेला चित्रकार, शाळा सोडलेला मुलगा, शिक्षा भोगलेला दरोडेखोर, निवडुंगाचा माळ, या सर्वांवर ती दृष्टी लागू पडली. जात ही अशी सुटी वस्तू नव्हे. ती कुंपणाच्या आत नियमाने थोपविता येते, कुंपणाबाहेर तिचा हिशेब निराळ्याच वहीत चालू राहतो. एका सुधारक कारखानदाराच्या आवाक्यातील काम आणि आवाक्याबाहेरचे काम यांच्यामधील रेषा 1948 ने जितकी स्पष्ट काढून दाखविली, तितकी कोणत्याही निबंधाने दाखविली नसती. तरीही जळालेल्या जागी त्या कुटुंबाने पुन्हा कारखानाच उभारला आणि माळ सोडला नाही, हा निर्णय मुंबईच्या राजीनाम्यापेक्षा मोठा होता, असे आमचे मत आहे.

व्यवसायाची सूत्रे तोवर पुढील पिढीकडे गेली होती. 1941 मध्ये हरिहरला लेथ करणारा म्हैसूर किर्लोस्कर, 1946 मध्ये पुण्यात ऑइल एंजिनांचा आणि बेंगळूरला विजेच्या यंत्रांचा असे कारखाने निघाले होते. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. बेंगळूरच्या कारखान्याचे नाव टिकून आहे. शंकररावांनी काकांचे चरित्र लिहिले त्याला ‘यांत्रिकाची यात्रा’ असे नाव दिले. शंतनुरावांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे इंग्रजी आत्मकथन 1982 मध्ये आले. त्याच्या शीर्षकातील निवडुंग 1910 च्या माळाची आठवण करून देतो.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचना अंमलात आली. त्यांचे जन्मगाव आणि त्यांचे पहिले दुकान असलेले बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे, आणि त्या शहरातील पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात हा वाद अद्याप मिटलेला नाही.